क्रमांक सात चुकवू नये

सकाळी दहा वाजता एनिड ब्रॅथवेटला तिच्याच घरातून, तिच्याच नियमाने बाहेर काढण्यात आलं आणि मागे दाराची कडी वाजली.

आमच्या समुद्रकाठच्या थॉर्नसी गावात हे अजूनही कोणी सांगितलं, तर ऐकणारा दोनदा विचारतो, "कोणाला? एनिडला?" कारण चौतीस वर्षं ती कडी एनिडच घालत आली होती. 'सनी बँक' या तिच्या पाहुणेघराचा नियम साधा होता. न्याहारी साडेआठला, दहाला सगळ्यांनी बाहेर, आणि संध्याकाळी पाचपर्यंत दार उघडणार नाही. पाऊस असो, गारा असोत, कोणाचं पोट दुखत असो. आमच्या किनाऱ्यावरच्या सगळ्याच पाहुणेघरवाल्या बायका असं करत, पण बाकीच्या जणी एखाद्या म्हातारीसाठी मागचं दार किलकिलं करायच्या. एनिड नाही. तिने त्याऐवजी जिन्यापाशी एक पुठ्ठा टांगला होता. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात: 'थॉर्नसीत काय पाहावे, काय करावे'. एकूण अकरा कलमं. कोणी पावसाची कुरकुर केली की ती पुठ्ठ्याकडे बोट दाखवायची.

त्या अकरांतलं एकही कलम तिने स्वतः कधी केलेलं नव्हतं. सगळं पाहुण्यांच्या तोंडून ऐकून लिहिलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हे आदल्या रात्री तिची मुलगी जॉयस तोंडावर बोलली, म्हणून तर सगळं घडलं. एनिडचा नवरा विल्फ वारल्याला दहा महिने झाले होते. मुलगा क्लिफर्ड बायकोला आणि एका उसन्या व्हॅनला घेऊन लेस्टरहून आईला न्यायला आला होता. इंग्लंडात समुद्रापासून जितकं लांब राहता येईल तितक्या लांब त्याचा बंगला होता. शुक्रवारी सकाळी निघायचं, मग घर विकायला काढायचं, असं दोघा मायलेकांनी पत्रांतून ठरवून टाकलं होतं. जॉयसला कोणी विचारलंच नाही. पंधराव्या वर्षापासून आईच्या हाताखाली राबणारी, आता छत्तिशीला आलेली जॉयस जेवणाच्या टेबलावर म्हणाली, "घर मी चालवते. विकायचं कशाला?"

"तू?" एनिड म्हणाली. "तू फडकंसुद्धा एका चिमट्याने वाळत घालतेस."

"आणि तू? चौतीस वर्षं समुद्राकाठी राहून कधी कड्याखाली तरी उतरली आहेस? सोडून चालली आहेस ते काय आहे, हे तरी तुला माहीत आहे का?"

असं करत करत पैज लागली. उद्या एनिडने तो पुठ्ठा घेऊन दिवसभर बाहेर राहायचं. पाच वाजता परत आल्यावरही तिला लेस्टरलाच जायचं असेल, तर तिच्या उरलेल्या कपबश्या जॉयस स्वतः पेटीत भरेल आणि पुन्हा चकार शब्द काढणार नाही.

"पोरखेळ," क्लिफर्ड म्हणाला, पण हसत. आई दुपारच्या आत कंटाळून परत येणार याची त्याला खात्री होती. त्याच्या बायकोने, मॉरीनने, मुकाट्याने पुडिंग वाढून घेतलं. भांडी घासताना मात्र तिने जॉयसला कोपऱ्यात गाठलं.

"जॉयस, काय वाट्टेल ते कर, पण त्यांना इथेच ठेव."

"अगं, तूच ना आईसाठी खोलीला नवे पडदे लावलेस?"

"ते माझ्या शिवणाच्या खोलीला लावले गं! क्लिफला वाटलं आईसाठी. मी काय बोलणार?"

तर असे दोन पक्ष पडले होते, आणि त्यातला एक गुप्त होता.

"छत्री!" पायरीवर उभ्या एनिडने दार ठोठावलं.

"छत्री विसरलेल्यांसाठी दार उघडत नाहीत," आतून जॉयस म्हणाली. "तुझाच नियम."

फाटकाशी मिस्टर आणि मिसेस ऑलरॉइड उभे होते. हंगामातले हे शेवटचे पाहुणे. हडर्सफील्डहून एकोणीस वर्षं न चुकता येणारं हे जोडपं आपली छत्री आधीच काखेत धरून होतं. मालकिणीलाच बाहेर काढलेलं बघून दोघांनीही अतिशय सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

एनिड पायरी उतरताच जॉयसने पत्र टाकायच्या फटीतून, आईच्या सोबतीला मॉरीनसह निघालेल्या भावाला हळूच हाक मारली. "क्लिफ, इकडे ये. सात नंबर वगळा."

"का?"

"नंतर सांगते. पण वगळा. शपथ आहे."

सातव्या कलमाशी लिहिलं होतं: 'जलपरीची गुहा. शांत, थंड, विसाव्यास उत्तम. चुकवू नये.' ती गुहा म्हणजे कड्याच्या पायथ्याशी शंखशिंपल्यांनी मढवलेली एक खोली. युद्धात नगरपालिकेने तिचं तोंड विटांनी बंद केलं आणि पुन्हा कधीच उघडलं नाही. सत्तावीस वर्षं पाहुणे तिथे जात होते, आणि पाच वाजता परत येऊन म्हणत होते, "गुहा फार छान, मिसेस ब्रॅथवेट." आमची माणसं अशीच. जेवणात माशी पडली तरी मालकिणीला वाईट वाटू नये म्हणून चवदार होती म्हणतील. युद्धानंतर सगळंच उघडलं तशी गुहाही उघडली, असं एनिडने धरून चाललं होतं. जॉयसला खरं माहीत होतं, कारण वडिलांनी तिला सांगितलं होतं. ते आज बाहेर पडलं तर आई लेस्टर सोडाच, ऑस्ट्रेलियालासुद्धा जाईल, अशी तिला धास्ती होती.

*

क्रमांक एक, कड्यावरून खाली उतरणारी दोराची गाडी. 'प्रवास सुखाचा', असं पुठ्ठा म्हणत होता. गाडीने सुरुवातीलाच असा गचका दिला की एनिड मॉरीनच्या मांडीवर जाऊन बसली.

"हे कोणी सांगितलं होतं, आई?" क्लिफर्डने विचारलं.

"एका कर्नलने. एकोणीसशे सत्तेचाळीस साली."

क्रमांक दोन, समुद्रात गेलेला लाकडी धक्का. 'टोकापर्यंत जावे. परतताना वारा पाठीशी असतो.' जाताना वारा समोरून होता आणि परतताना तो वळून पुन्हा समोरून आला. मॉरीनच्या केसांचं घरटं झालं.

"आणि हे?"

"एका पाद्र्याने," एनिड ओरडली. वाऱ्यात ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं. "पाद्री खोटं बोलला, क्लिफ!"

ती हसतेय की काय, असं वाटून क्लिफर्डने वळून पाहिलं. आईला हसताना त्याने नाताळच्या नाताळ पाहिलं होतं, तेही बेताचंच.

क्रमांक तीन, वाळूवरची गाढवं. 'स्वभावाने गरीब.' गाढववाला म्हणाला, "मोठ्या माणसांना बसवत नाही, आजीबाई."

"मला मोठं माणूस म्हणतोस? माझ्यापेक्षा जाडजूड पोरं तू रोज वाहून नेतोस. मी खिडकीतून बघते ना."

वजनाच्या काट्यावर उभं करून त्याने तिला तोललं आणि निमूटपणे गाढवावर चढवलं. एनिड पाठ ताठ ठेवून बसली. चर्चमध्येही ती तशीच बसायची. 'डचेस' नावाच्या त्या गरीब स्वभावाच्या प्राण्याने दहा पावलं टाकली, मान वळवली आणि एनिडच्या टोपीवरचं कागदी गुलाबाचं फूल खाऊन टाकलं.

"अहो!" मॉरीन किंचाळली.

"खाऊ दे," एनिड म्हणाली. "मला ते कधीच आवडलं नव्हतं. शेजारच्या मिसेस पिकल्सने दिलेलं."

पण दिवस खरा हातातून निसटला तो क्रमांक चारला. लाकडी मनोऱ्याभोवती फिरत खाली येणारी ती उंच घसरगुंडी, बुडाखाली तरटाचा तुकडा घेऊन बसायचं. क्लिफर्ड विमा कंपनीत अधिकारी होता, अंगावर राखाडी सूट होता, वय एक्केचाळीस. आईला एकटीला वर कसं पाठवायचं म्हणून तो मागे चढला. वर पोहोचल्यावर त्याला सगळं थॉर्नसी दिसलं. धक्का, वाळू, कड्यावरची घरांची रांग, त्यात सनी बँकचं हिरवं धुराडं. लहानपणी या मनोऱ्यावर त्याला बाबा आणायचे. आई कुठे आहे असं विचारलं की म्हणायचे, "भांडी घासतेय रे." आता तीच आई त्याच्या पुढे तरटावर फतकल मारून बसली होती.

"ढकल," ती म्हणाली.

"आई, हळू—"

"ढकल रे!"

खाली मॉरीनला आधी एक लांब किंकाळी ऐकू आली, मग एक टोपी आली, मग सासूबाई आल्या आणि शेवटी नवरा येऊन सासूबाईंवर आदळला. ती धावत गेली. एनिड तरटावर पाय पसरून बसली होती. हसण्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"लागलं का कुठे, आई?"

"पुन्हा," एनिड म्हणाली.

तीनदा झालं. तिसऱ्यांदा मॉरीनही गेली.

क्रमांक पाचला त्यांनी टपरीवर उभं राहून व्हिनेगर टाकलेल्या शिंपल्या खाल्ल्या. क्रमांक सहाला मोजे काढून पाण्यात उतरले. 'पाणी कोमट', असं पुठ्ठा म्हणत होता.

"कोमट?" मॉरीनचे दात वाजत होते. "आई, हे कोण म्हणालं?"

"एक बाई होती. स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाची."

यावर मॉरीनला असं काही हसू फुटलं की ती सासूच्या गळ्यात पडली. दोघी एकमेकींना धरून गुडघाभर पाण्यात डुलत होत्या. आणि त्या भरात मॉरीन बोलून गेली, "आई, तुम्ही आमच्याकडे याच! किती मजा येईल! शिवणाचं मशीन मी माळ्यावर टाकते!"

क्लिफर्ड काठावर बूट हातात घेऊन उभा होता. गेला तासभर तो नेमकं उलट ठरवत होता. या बाईला लेस्टरला नेऊन कुठल्या घसरगुंडीवर बसवणार? त्याने बायकोकडे असं पाहिलं की मॉरीनचं हसू जागच्या जागी थांबलं. दिवसभरात पक्ष फिरले होते, आणि दोघेही चुकीच्या दिशेने फिरले होते.

"किती वाजले?" एनिडने विचारलं.

"चार वाजून गेले."

"मग चला. सात नंबर."

"सात राहू दे, आई," क्लिफर्ड घाईने म्हणाला. "थेट आठला जाऊ. बँड आहे."

"चौतीस वर्षं लोकांना 'चुकवू नये' सांगितलं आणि मी चुकवू?" ओले पाय तसेच बुटात घालत ती म्हणाली. "आणि ते कलम माझं नाही. ते विल्फने ठेवायला लावलं. युद्धावरून आला तेव्हा म्हणाला, बाकीचं काही खोड, पण सात ठेव. रोज दुपारी दोन तास जाऊन बसायचा तिथे. 'चल गं एकदा,' म्हणायचा. मी म्हणायची, भांडी कोण घासेल?"

तिने नाक शिंकरलं आणि खालच्या रस्त्याने चालायला लागली. तिला अडवण्याची ताकद दोघांतही नव्हती.

*

कड्याच्या पायथ्याशी रस्ता संपतो तिथे एक बाक होता. समुद्राकडे पाठ करून ठेवलेला, कारण पूर्वी समोर गुहेचं दार होतं. आता समोर विटांची भिंत होती आणि तिच्यावर शेवाळ. बाकावर मिस्टर आणि मिसेस ऑलरॉइड बसले होते. त्यांच्याजवळ थर्मास होता, विणकाम होतं, आणि बिस्किटांचा डबा उघडा होता.

एनिड भिंतीसमोर उभी राहिली. तिने पुठ्ठा वाचला. भिंत पाहिली. पुन्हा पुठ्ठा वाचला.

मिस्टर ऑलरॉइड ताडकन उठले. त्यांनी टोपी काढली आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "गुहा फार छान आहे, मिसेस ब्रॅथवेट."

वर समुद्रपक्षी ओरडत होते.

"मिस्टर ऑलरॉइड," एनिड म्हणाली, "ही भिंत आहे."

"हो."

"कधीपासून?"

"आम्ही येतोय तेव्हापासून तरी."

"आणि दर वर्षी तुम्ही मला सांगता की छान आहे."

"तुम्ही इतक्या मनापासून विचारायचात हो," मिसेस ऑलरॉइड रडवेल्या होऊन म्हणाल्या. "आणि खोटं नाही ते. जागा छानच आहे. वर बघा."

एनिडने वर पाहिलं. भिंतीच्या वर कडा होता, कड्याच्या माथ्यावर घरांच्या मागच्या बाजू होत्या, आणि बरोबर मधोमध तिच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. इतकी स्वच्छ दिसत होती की आतल्या नळाशी उभी असलेली जॉयस ओळखू येत होती.

"तुम्ही काम आवरलं की फडकं बाहेर दोरीवर घालायचात," मिस्टर ऑलरॉइड म्हणाले. "पाचला दहा कमी असताना, एक मिनिट इकडेतिकडे नाही. फडकं दिसलं की आम्ही उठायचो. पायऱ्या चढून येईस्तोवर दार उघडायचं. पावसात उगाच फाटकाशी ताटकळायला नको. हे मिस्टर ब्रॅथवेटनीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. 'सात नंबरला जा,' म्हणायचे, 'कड्याचा आडोसा आहे, पाऊस फारसा लागत नाही. तिच्याजवळ मन आहे, पण त्याला कुलूप आहे आणि ते पाचला उघडतं.'"

क्लिफर्डने डोळे मिटून घेतले. संपलं, त्याच्या मनात आलं. आता ही कोणालाच माफ करणार नाही. बाबांनाही नाही.

"म्हणजे सत्तावीस वर्षं," एनिड सावकाश म्हणाली, "लोक इथे बसून मला भांडी घासताना बघत होते. आणि हसत होते."

"हसत नव्हतो हो," मिसेस ऑलरॉइड म्हणाल्या. "वाट बघत होतो."

एनिडच्या चेहऱ्यावर आता दिवसभराचं काहीच उरलं नव्हतं. कोणी चहा सांडला की दिसायचा तोच चेहरा होता.

"विल्फ कुठे बसायचा?"

मिस्टर ऑलरॉइडनी बाकाचं डावं टोक दाखवलं. तिथली लाकडाची कड झिजून गुळगुळीत झाली होती. एनिड तिथे बसली.

"आणि काय करायचा? दोन दोन तास?"

"काही नाही. पाइप ओढायचे. तुम्ही खिडकीत आलात की म्हणायचे, 'आली बघा.' तुम्ही आत गेलात की गप्प बसायचे." मिस्टर ऑलरॉइडनी टोपी दोन्ही हातांत फिरवली. "रोज नव्याने म्हणायचे, मिसेस ब्रॅथवेट. 'आली बघा.'"

एनिडला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. एकदाच उतरून आले असते, ती मनात म्हणाली, एका दुपारी भांडी राहिली असती तर काय आकाश कोसळलं असतं? मॉरीनने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिने तो झटकला नाही.

*

वर जॉयसने कप विसळता विसळता सहज खाली पाहिलं आणि तिच्या हातातून कप सुटला. बाकापाशी दोनाऐवजी पाच माणसं होती. त्यातल्या एकीच्या टोपीवर फूल नव्हतं, पण टोपी तीच होती.

संपलं सगळं. क्लिफला शपथ घातली होती, पण क्लिफ लहानपणापासून तसाच. आई बाकावर बसली होती आणि मॉरीन तिला धरून होती, म्हणजे आईला घेरी आली असणार. वर बोलवायचं कसं? घरातून खाली हाक पोहोचत नव्हती. जॉयसने ओलं फडकं उचललं, खिडकी उघडली, घाईत एका चिमट्याने ते दोरीवर अडकवलं आणि जोरजोरात हात हलवायला लागली. घड्याळात चार पस्तीस झाले होते.

खाली ऑलरॉइड दांपत्य एकदम उठलं. थर्मास पिशवीत गेला, विणकाम पिशवीत गेलं.

"बसा!" एनिड म्हणाली.

दोघेही बसले.

एनिडने नाक पुसलं, चष्मा चढवला, क्लिफर्डच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वर नीट बघितलं. "पंधरा मिनिटं आधी," ती म्हणाली. "पंधरा! आणि एका चिमट्याने. वारा बघा काय सुटलाय, आता ते फडकं उडून पाद्र्याच्या बागेत जाईल. आणि हिच्या भरवशावर घर टाकून मी लेस्टरला जाऊ?"

"पण आई," मॉरीन चुकून म्हणाली, "शिवणाची खोली..."

"शिवण कर तिच्यात. नाताळात येईन चार दिवस. क्लिफर्ड, व्हॅनमधून कपबश्यांची पेटी आधी उतरव. आणि ती जड आहे, मॉरीनला उचलायला लावू नकोस."

"हो, आई," क्लिफर्ड म्हणाला. इतक्या आनंदाने हार त्याने जन्मात मानली नव्हती.

मग एनिड बाकासमोर उभी राहिली, तिने हात उंच केला आणि मुलीला दोन बोटं दाखवली. दोन चिमटे, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण हाताची पाठ जॉयसकडे होती, आणि आमच्या देशात पाठमोरी दोन बोटं दाखवणं म्हणजे सरळसरळ शिवी.

"आई!" क्लिफर्डने तिचा हात धरला. "हात उलटा कर! लोक बघतायत!"

"बघू देत. सत्तावीस वर्षं बघतायतच."

मिसेस ऑलरॉइडनी तोंडावर विणकाम दाबून धरलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

खिडकीत जॉयस एक क्षण थिजली. जन्मात शिवी न दिलेली आपली आई खालच्या रस्त्यावरून, पाहुण्यांसमोर, आपल्याला हे काय दाखवतेय? मग तिची नजर फडक्याकडे गेली. एका कोपऱ्याला लोंबकळत ते वाऱ्यावर फडफडत होतं. तिला कळलं. लेस्टरला निघालेली बाई चिमटे मोजत नाही. जॉयसला हसू आलं आणि रडूही आलं. तिने फडकं काढून घेतलं, खिडकी लावली आणि घड्याळासमोर जाऊन उभी राहिली.

खाली थर्मास पुन्हा बाहेर निघाला. झाकणातून एकेक घोट चहा सगळ्यांना मिळाला. बिस्किटं संपली. मॉरीनने बूट काढून पाय वर घेतले. राहिलेली चार कलमं उद्या करायची असं ठरलं, आणि घसरगुंडी पुन्हा एकदा.

पाचला बरोबर दहा कमी असताना खिडकी उघडली. फडकं दोरीवर आलं, सरळ, दोन चिमट्यांनी. ऑलरॉइड उठले. मॉरीन बूट शोधायला लागली. क्लिफर्डने आईसाठी हात पुढे केला.

एनिड उठली नाही. झिजलेल्या कडेवर हात ठेवून ती वर खिडकीकडे बघत राहिली. तिथे जॉयस हात पुसत उभी होती.

"आली बघा," ती पुटपुटली. मग शेजारी वळून म्हणाली, "पाच मिनिटं बसू या. गुहा फार छान आहे, मिस्टर ऑलरॉइड."